आभासी यंत्रभाग आणि खरी चूक

आभासी वास्तवावर आधारलेल्या प्रशिक्षणात शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर हेडसेट असतो, दोन्ही हातांत नियंत्रक असतात आणि समोर संगणकाने उभे केलेले यंत्र दिसत असते. मात्र ते यंत्र नुसते दिसतच राहिले, तर भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा त्याचे मोल फारसे वाढत नाही. त्यातला भाग हाताने धरता, सरकवता, फिरवता आणि जोडता येऊ लागला आणि त्या कृतीला तो आपल्या यांत्रिक स्वभावाप्रमाणे उत्तर देऊ लागला, म्हणजे तो परस्परक्रियाशील झाला असे म्हणतात. हे उत्तर कितपत खरे असावे आणि यंत्राच्या कोणकोणत्या भागांना ते देता यावे, याविषयी संगणकाच्या बाजूने विचार करणारे आणि कार्यशाळेच्या बाजूने विचार करणारे यांच्यात मूलभूत मतभेद आढळतात.

हे मतभेद पारखून पाहण्यासाठी हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव सोयीचे आहे. हिंगोली-नांदेड मार्गावर वारंगा फाटा आणि अर्धापूर यांच्या दरम्यानच्या या पट्ट्यात केळी, ऊस आणि हळद ही पिके घेतली जातात आणि त्यांच्या मशागतीत ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या रोटाव्हेटरचा मोठा वाटा असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूने बाहेर आलेला आणि अवजाराला शक्ती पुरवणारा फिरता दांडा म्हणजे पी.टी.ओ.; तो दांडा आणि रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स यांना जोडणारा, दोन्ही टोकांना ‘क्रॉस’ (अधिकच्या चिन्हासारखा सांधा) आणि त्याला धरणारे दुफाटी ‘योक’ असलेला आणि लांबी कमीजास्त होऊ शकणारा शाफ्ट शेतकऱ्याच्या व मेकॅनिकच्या नेहमीच्या हाताळणीतला आहे. तो जोडणे, काढणे आणि तपासणे हे कौशल्य आभासी वास्तवात शिकवायचे झाल्यास त्याचे भाग कसे घडवावे लागतील, हा पुढील संवादाचा विषय आहे. संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत: एक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ट्रॅक्टर मेकॅनिक हा व्यवसाय शिकवणारे शिल्प निदेशक आणि दुसरी व्यक्ती म्हणजे प्रशिक्षणासाठी आभासी यंत्रे तयार करणाऱ्या अभियंता.

निदेशक : मॅडम, देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली तेव्हापासून तिचा पाया कार्यशाळेतले प्रात्यक्षिक हाच राहिला आहे. शाफ्टचे वजन, ग्रीसने निसटणारी पकड, गंजलेल्या दांड्यावर अडून बसणारा योक या गोष्टी हातालाच कळतात आणि हेडसेटमध्ये यातले काहीही नसते. ज्या गावात रोटाव्हेटर दारात उभा असतो, तेथे खरा शाफ्ट सोडून त्याचे चित्र हाताळण्याचे प्रयोजन काय?

अभियंता : शाफ्ट दारात आहे हे खरे, सर, पण तो फिरत असताना त्याच्याजवळ चूक करून पाहण्याची सोय कोणत्याही कार्यशाळेत नाही. पी.टी.ओ.चा प्रचलित वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे असतो. आवरण काढून टाकलेल्या, १० सेंटिमीटर व्यासाच्या भागात उपरण्याचे किंवा ओढणीचे टोक सापडले, तर सेकंदाला जवळजवळ २.८ मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाते; दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद लागला असे धरले, तरी तेवढ्यात ७० सेंटिमीटर कापड आत गेलेले असते. हे फळ्यावर सांगता येते, पण अनुभवायला देता येत नाही. एडविन लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरचे वैमानिक-प्रशिक्षण यंत्र तयार केले, त्यामागेही जी चूक हवेत जिवावर बेतते ती जमिनीवर करू द्यावी, हाच विचार होता.

निदेशक : लिंक यांचे उदाहरण उलट बाजूलाही वळवता येते. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा होता आणि त्या धंद्यातलेच भाते वापरून त्यांनी वैमानिकाची बैठक खरोखर हलवली. शिकणाऱ्याच्या शरीराला कलणे आणि वळणे जाणवत होते. तुमच्या शाफ्टला वजनच नाही, मग शरीर त्यातून काय शिकणार?

अभियंता : शरीराला जाणवणाऱ्या जोराशिवायही काही कौशल्ये हाती येतात, याचा पुरावा शल्यचिकित्सेत मिळतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना दुर्बिणीद्वारे होणाऱ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी आभासी साधनावर सराव दिला गेला. पुढे प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पित्ताशय विलग करण्याचे काम त्यांनी इतरांपेक्षा २९ टक्के कमी वेळात केले आणि त्यांच्या हातून चुकाही कमी झाल्या. त्या साधनात हाताला विरोध जाणवत नव्हता, इतकेच काय, पडद्यावर पित्ताशयाचे चित्रही नव्हते. होते ते साधे गोल आणि चौकटी.

निदेशक : मग त्यावरून निघणारा निष्कर्ष तुमच्या व्यवसायाला थोडा अडचणीचा आहे. चित्र हुबेहूब असण्याचा त्या यशाशी संबंध नव्हता. पडद्याकडे पाहून हात चालवणे हे जे कौशल्य शस्त्रक्रियेत लागते, नेमके तेच त्या सरावात होते. म्हणून शाफ्टच्या बाबतीतही त्याचे कौशल्य कशात आहे हे आधी पाहावे लागेल. ट्रॅक्टरच्या दांड्यावर सहा उभ्या खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. योकच्या आतल्या खाचा त्यांच्याशी जुळवायच्या, लॉक पिन दाबून धरून योक आत सरकवायचा, दांड्यावरच्या खोबणीत पिन बसली की ती बाहेर उसळते, आणि त्यानंतर योक मागे ओढून तो खरोखर अडकला आहे याची खात्री करायची. तुमच्या चित्रात यातले नेमके काय काय होते?

अभियंता : त्यासाठी आभासी भाग कसा घडतो हे पाहावे लागते. कारखान्याच्या आराखड्यातला भाग प्रथम लहान लहान त्रिकोणांच्या जाळीत बदलला जातो. स्वतंत्रपणे चालणाऱ्या हेडसेटमधला संगणक मोबाइलच्या ताकदीचा असतो आणि त्याला सेकंदाला किमान ७२ चित्रे काढायची असतात, म्हणजे एका चित्राला १४ मिलिसेकंदही मिळत नाहीत. म्हणून नजरेला आणि हाताला गरज नसलेले बारकावे काढून टाकावे लागतात. मग भागांची उतरंड ठरते: शाफ्ट हलला की योक हलावा, योक हलला की पिन हलावी, पण पिन दाबल्याने योक हलू नये. त्यानंतर प्रत्येक भागाचे गतिस्वातंत्र्य ठरवतात. मोकळी वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते, अशी तिची सहा स्वातंत्र्ये. दांड्यावर चढलेल्या योकला मात्र अक्षाच्या रेषेत सरकण्याचे एकच स्वातंत्र्य उरते आणि पिन खोबणीत बसली की तेही जाते. शेवटी भागाभोवती न दिसणारे साधे कवच घालतात, त्याला कोलायडर म्हणतात. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की नाही, हे संगणक या कवचावरून ठरवतो.

निदेशक : परंतु अशा अनेक प्रणालींत योक दांड्याच्या जवळ नेला की तो आपोआप खेचला जाऊन जागेवर बसतो. शिकणाऱ्याला आनंद होतो, गुण मिळतात, आणि जवळ नेले म्हणजे बसले ही सवय लागते. शेतात नेमकी हीच सवय घातक ठरते, कारण अर्धवट बसलेला योक बाहेरून पूर्ण बसल्यासारखाच दिसतो आणि भार आल्यावर निसटतो.

अभियंता : आक्षेप योग्य आहे, पण ती खेच आळसापोटी घातलेली नसते. खऱ्या कामात स्प्लाइनची कड बोटाला लागते आणि हात आपोआप वळतो. आभासी कामात बोटाला काहीच लागत नाही, संगणकाने योक थांबवला तरी खरा हात पुढे जातच राहतो, आणि दिसणारा हात व खरा हात यांच्यातले अंतर वाढले की पकड सुटते. खाचांमधली मोकळीक मिलिमीटरच्या अंशाची असताना केवळ नजरेने त्या जुळवायला लावणे म्हणजे मेकॅनिकला कधीच लागणार नाही असे कौशल्य शिकवणे होय. तरीही खेच वाटून देता येते. ती फक्त अक्षाच्या रेषेत आणण्यापुरती ठेवावी. सहा स्प्लाइनमुळे दर ६० अंशांनी येणारी जुळणी शिकणाऱ्याने मनगट फिरवून शोधावी, आणि खोलवर सरकवण्याचे काम पूर्णपणे त्याच्या हातावर सोडावे. योक सेंटिमीटरभर अलीकडे थांबला तर पिन दबलेलीच राहील आणि प्रणाली एक शब्दही सुचवणार नाही. योक मागे ओढून पाहणाऱ्याच्या हातात तो निघून येईल. न ओढणाऱ्याला ट्रॅक्टर सुरू केल्यावर तो निसटलेला दिसेल.

निदेशक : हे पटण्यासारखे आहे. आता शाफ्टच्या मधल्या भागाकडे येऊ. एका नळीत दुसरी सरकते म्हणून अवजार उचलताना लांबी जुळते. पण चौकोनी नळ्या असतील तर त्या वेगळ्या केल्यानंतर चारांपैकी कोणत्याही स्थितीत पुन्हा बसतात आणि त्यांतल्या दोनच बरोबर असतात. दोन्ही टोकांचे आतले योक एका रेषेत हवेत. ते काटकोनात बसले तर शाफ्ट थरथरतो, क्रॉस लवकर जातो आणि शेतकरी दोष ट्रॅक्टरला देतो. तुमच्या चित्रात ही चूक दिसते का?

अभियंता : सर्वसाधारणपणे दिसत नाही, हे मान्य करावे लागते. बहुतेक वेळा एक तुकडा फिरला की पुढचा त्याच वेगाने फिरवला जातो आणि पाहणाऱ्याला ते पुरेसे वाटते. १७व्या शतकात रॉबर्ट हूक यांनी ज्या सांध्याचा अभ्यास केला, तोच हा क्रॉसचा सांधा. तो वाकलेला असताना एका बाजूचा वेग स्थिर असला, तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन ३० अंशांचा असेल तर ५४० फेऱ्यांचा वेग मधल्या शाफ्टमध्ये सुमारे ४६८ ते ६२४ यांच्या दरम्यान हेलकावे खातो. पुढच्या सांध्याचा कोन तेवढाच असेल आणि योक एका रेषेत असतील, तर दुसरा क्रॉस हा हेलकावा पुसून टाकतो आणि अवजाराला पुन्हा स्थिर ५४० मिळतात. योक काटकोनात असतील तर तो हेलकावा दुणावतो आणि अवजाराचा वेग ४०५ ते ७२० यांच्या दरम्यान नाचू लागतो. हे दाखवायला त्रिकोणमितीचे एक छोटे सूत्र पुरते. ते घातले की चुकीची जोडणी आपोआप थरथरेल आणि बरोबर जोडणी शांत चालेल. त्यासाठी वेगळे चित्रण करावे लागणार नाही.

निदेशक : मग दुसरा नियमही त्यातूनच शिकवता येईल. पी.टी.ओ. चालू ठेवून रोटाव्हेटर उंच उचलला की सांध्याचा कोन वाढतो आणि क्रॉस तुटतो, उचलण्याआधी पी.टी.ओ. बंद करावा हे वर्षानुवर्षे सांगूनही अनेकांच्या अंगवळणी पडत नाही. तसेच काही शाफ्टवर ठरावीक ताकदीचा शिअर बोल्ट असतो. पाते दगडाला अडकले की गिअरबॉक्स वाचावा म्हणून त्याने आधी तुटायचे असते. तो दोनदा तुटला की वैतागून मिळेल तो कडक बोल्ट बसवला जातो. या सगळ्या चुका प्रणालीने करू दिल्या पाहिजेत. चुकीचा भाग बसूच न देणारी प्रणाली शिकणाऱ्याची चूक झाकून ठेवते.

अभियंता : येथे संगणकाच्या बाजूची अडचण सांगितली पाहिजे. दोन टोकांच्या योकच्या प्रत्येकी तीन अवस्था, म्हणजे न बसलेला, अर्धवट बसलेला आणि पूर्ण बसलेला. नळीच्या चार स्थिती, दोन प्रकारचे बोल्ट आणि आवरण असणे किंवा नसणे, एवढेच धरले तरी १४४ जोडण्या होतात. प्रत्येकीचे परिणाम स्वतंत्रपणे चितारणे परवडणारे नाही. म्हणून भागांना नियम द्यावे लागतात: या पिनवर एवढा भार आला की योक सुटेल, हा बोल्ट एवढ्या जोराला तुटेल, हा कोन एवढा वाढला की क्रॉसवर एवढा ताण येईल. नियम दिले की परिणाम त्यांच्यापासून निघतात, मात्र नियम लिहिण्याचे श्रम मोठे असतात. म्हणूनच प्रत्येक नट, वॉशर आणि स्टिकर हाताळण्याजोगा करण्याची मागणी मान्य करता येत नाही. बोनेटचे झाकण उघडत नाही म्हणून या प्रशिक्षणात काहीच बिघडत नाही, पण बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ सारखा ताकदीचा आकडा वाचता आला नाही, तर शिअर बोल्टचा धडाच बुडतो.

निदेशक : ही निवड कोणी करायची?

अभियंता : प्रामाणिकपणे सांगायचे तर आजवर ती बहुधा संगणकासमोर बसणाऱ्यांनीच केली आहे आणि त्यांना काय हलवणे सोपे आहे यावरून केली आहे. उलट, जे सोपे दिसते तेच कधी कधी फसवते. युनिटी या प्रचलित इंजिनात भौतिक नियमांनी चालणाऱ्या वस्तूच्या फिरण्याची मूळ मर्यादा सेकंदाला ७ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ फेरे इतकीच ठेवलेली असते. ती मुद्दाम वाढवली नाही तर ५४० चा शाफ्ट आळसावल्यासारखा फिरतो. मर्यादा वाढवली तरी सेकंदाला ७२ चित्रांच्या हिशेबात दोन चित्रांदरम्यान शाफ्ट ४५ अंश फिरतो, आणि सहा स्प्लाइन दर ६० अंशांनी सारख्याच दिसत असल्याने डोळ्यांना त्या १५ अंश मागे गेल्यासारख्या वाटतात. प्राणघातक वेगाने फिरणारा दांडा शिकणाऱ्याला उलट दिशेने संथ फिरताना दिसतो. म्हणून वेग वाढला की खाचांचे स्पष्ट चित्र काढून त्या जागी पुसट पट्टा दाखवावा लागतो आणि आवाजाची पट्टी चढवावी लागते.

निदेशक : अपघाताचे दर्शन कसे असावे, यावरही बोलले पाहिजे. रक्त दाखवून घाबरवले की माणूस त्या दृश्याला घाबरतो, शाफ्टला घाबरत नाही. आणि एक बटण दाबून सारे पूर्ववत होत असेल, तर दुसऱ्या खेपेला त्या दृश्याचीही भीती उरत नाही.

अभियंता : म्हणून उपरणे खेचले जाईपर्यंतच दाखवावे, त्या क्षणी दृश्य थांबवावे आणि किती वेळात किती कापड गेले तो आकडा समोर ठेवावा. त्यानंतर मागचे एकच पाऊल सुधारण्याची सवलत न देता शिकणाऱ्याला इंजिन बंद करणे, किल्ली काढणे आणि ब्रेक लावणे यांपासून पुन्हा सुरुवात करायला लावावी. आवरणाची साखळी अडकवणे हे काम कंटाळवाणे आहे. पुनरावृत्तीत ते दर वेळी करावे लागले, तरच त्याची सवय होते.

निदेशक : इतके मान्य केल्यावरही एक क्षेत्र उरते, जेथे माघार घेता येणार नाही. क्रॉस झिजला आहे का हे मेकॅनिक योक हातात धरून, हलवून पाहतो. त्याचा प्ले, म्हणजे झिजेमुळे आलेला ढिलेपणा, मिलिमीटरच्या काही अंशांचा असतो. यंत्र बंद केल्यावर क्रॉसच्या टोपीला हात लावून ती किती तापली हे तो पाहतो. ग्रीस गन दाबताना आत जागा आहे की नाही हे मुठीला कळते. या तीन गोष्टींवरच जुना आणि नवा मेकॅनिक यांतला फरक ठरतो.

अभियंता : त्या तिन्ही आभासी वास्तवाच्या आवाक्याबाहेर आहेत. हातातल्या नियंत्रकाची स्थिती ओळखण्यात होणारी चूकच कधी कधी त्या प्लेपेक्षा मोठी असते, आणि त्यातली थरथर म्हणजे लोखंडाचा विरोध नव्हे. झिजलेला क्रॉस आभासी करण्यावर पैसा घालवू नये. भंगारातून कमीअधिक झिजलेले तीन शाफ्ट आणून बाकावर ठेवावेत, ते स्वस्तही पडेल आणि खरेही असेल.

निदेशक : आणि पी.टी.ओ. चालू ठेवून अवजार उचलण्याची चूक मात्र बाकावर कधीच करू देता येणार नाही. तिच्यासाठी हेडसेट हवा. एवढ्यापुरता कार्यशाळेच्या बाजूचा मूळ विरोध मागे घ्यायला हरकत नाही.

येथवरच्या संवादातून दोन्ही बाजूंचा आरंभीचा आग्रह शिल्लक राहत नाही. लोखंडाला हात लागल्याशिवाय काहीच शिकता येत नाही, हे निदेशकांचे म्हणणे क्रम, धोका आणि चुकीचा परिणाम यांना लागू पडत नाही; आणि भाग जितके अधिक हलते तितके प्रशिक्षण चांगले, हा संगणकाच्या बाजूला सोयीचा वाटणारा समज स्पर्शाने पारखायच्या दोषांपाशी निरुपयोगी ठरतो. यंत्रभागाला किती प्रतिसाद द्यावा, याचे माप यंत्राच्या आराखड्यात सापडत नाही. त्या भागाच्या बाबतीत माणूस कोणती चूक करतो आणि ती चूक कितीला पडते, यावरून ते ठरवावे लागते. ज्या चुकीचा परिणाम नियमांतून काढून दाखवता येतो आणि जी प्रत्यक्षात करू देणे धोक्याचे आहे, तिच्याशी निगडित भाग पूर्णपणे परस्परक्रियाशील करावा. जी चूक केवळ स्पर्शाने कळते तिच्यासाठी खरा भाग वापरावा. आणि ज्या भागाशी कोणतीच चूक जोडलेली नाही, त्याला चित्र म्हणून राहू द्यावे.

म्हणून डोंगरकड्यासारख्या भागात असे प्रशिक्षण उभे करू पाहणाऱ्या संस्थांनी हेडसेटच्या किमती विचारण्यापूर्वी रोटाव्हेटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांना आणि ते चालवणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून चुकांची यादी लिहून घ्यावी, प्रणाली बनवणाऱ्यांकडून त्या यादीतील प्रत्येक चूक प्रत्यक्ष करून पाहता येईल अशी हमी घ्यावी, आणि आभासी सरावात कितीही गुण मिळाले, तरी खऱ्या दांड्यावर योक बसवून व तो मागे ओढून दाखवल्याखेरीज कोणालाही उत्तीर्ण करू नये.